फुईच्या माहेरचं पाणी

वडिलांच्या बहिणीला आमच्या खानदेशात फुई म्हणतात. आमची फुई एकच, आणि तिला दिलं ते आमच्याच नाल्याच्या खालच्या अंगाला असलेल्या गावात. एस.टी.नं जायचं तर धरणगावावरून वळसा पडे. नाल्यानाल्यानं चालत गेलं तर सकाळी निघालेला माणूस जेवणाला पोचे. स्थळ ठरवताना आजोबांनी मुलाची जमीन पाहिली नाही, बैल पाहिले नाहीत, मुलगा तर नाहीच पाहिला. त्यांनी नाला पाहिला. पाणी आपल्याकडून तिकडे जातं, मग लेक लांब कशी, असा त्यांचा हिशेब. "लेकीले जे लागी ते पाणीवर सोडी देऊ," असं ते म्हणाले म्हणे. इतकी स्वस्त टपालसेवा नंतर कोणालाच सुचली नाही.

फुईनं मात्र हे मनावर घेतलं. सासू बोलली की ती घागर उचलून नाल्यावर जाई आणि मन मोकळं करून परत येई. पोळ्याला आम्ही बैल नाल्यात धूत असू. त्यांच्या अंगावरचा रंग वाहत तिच्या गावापर्यंत पोचतो आणि पाणी गुलाबी होतं, असं ती शपथेवर सांगायची. कोणी तपासायला गेलं नाही. माहेरच्या बाबतीत बायकांनी घेतलेल्या शपथा तपासू नयेत असा आमच्याकडे संकेत आहे. सासरच्या जावा-नणंदांना ती हिणवायची तेही याच पाण्यावरून. "आम्ही तोंड धुईसनी सोडतस, तुम्ही तेच पेतस!" म्हणायची आणि पदराआड हसायची. वीस-एक वर्षं हा विनोद चालला. मग तिच्या भावानं तो खरा करून दाखवला.

तिचा भाऊ म्हणजे आमचे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणत असू, आणि गावही म्हणायचं. ऐंशी सालानंतर आमच्या भागात केळीचं आणि पुड्यांमधल्या खता-औषधांच्या शेतीचं वारं आलं, आणि नाना वाऱ्याच्या पुढे धावणारे. जळगावला कुठल्याशा मेळाव्याला जाऊन आले ते डोक्यावर छापील टोपी आणि मनात एकच वाक्य घेऊन: जमीन जितकी खाईल तितकी देईल. जमीन खात होती की नाही हे विचारायची सोय नव्हती, पण नाना वाढत होते. शेजारच्यानं एक गोणी टाकली की नाना दोन टाकत. युरियाच्या रिकाम्या गोण्यांचं आमच्या घरी इतकं वैभव झालं की पावसात आमचे गडी, आमची गुरं, आमचा कोंबड्यांचा खुराडा, सगळे एकाच कंपनीचे वाटायचे. मला कॉलेजला जाताना आईनं वह्यांसाठी जी पिशवी शिवून दिली तिच्यावरही नत्राचं प्रमाण छापलेलं होतं. मुलं मला त्या प्रमाणानं हाक मारत.

हो, मी तेव्हा जळगावला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होतो. बरीच वर्षं करत होतो.

तर केळी. केळीला पाणी देणं म्हणजे तेव्हा पाजणं नव्हतं, बुडवणं होतं. वीज आली की मोटार सुरू, गेली की बंद. मधल्या वेळात पाणी कुठपर्यंत जातं हे बघणं विजेचं काम नव्हतं, आणि आम्ही आपलं समजत नव्हतो. बागेतून वर आलेलं पाणी बांध फोडून नाल्यात उतरायचं. उन्हाळ्यात नाल्याला दुसरं पाणी नसेच. म्हणजे खालच्या गावाला वैशाखात जे पाणी मिळे ते आमच्या केळीनं टाकलेलं. याचा नानांना केवढा अभिमान! "मी शे म्हणून तुमना नाला वाहस," असं ते मेव्हण्याला, म्हणजे आमच्या फुवांना, ऐकवत. फुवा गरीब माणूस. मान हलवत.

पहिल्यांदा नाला हिरवा झाला तेव्हा गावात आनंदच झाला. पाण्यावर मखमली साय धरली होती. नानांनी काठीनं ती उचलून पाहिली आणि चारचौघांत म्हणाले, "नालालेबी कस उना!" म्हणजे नाल्यालाही कस आला.

मी सुटीत घरी होतो. शिक्षण उसळून आलं. म्हटलं, "नाना, हे शेवाळ आहे. आपलं खत पाण्याबरोबर वाहून जातं, त्यावर ते वाढतं."

"म्हणजे खत चांगलं शे ना?"

खत चांगलं होतंच. शेवाळाची इतकी जोमदार वाढ तर प्रयोगशाळेतही बघायला मिळाली नव्हती. नाना पुढे म्हणाले, की ते वाया जात नाहीच, खाली बहिणीच्या गावाला जातं. भावानं लेकीबाळीला आंदण दिलं तर तुझ्या बापाचं काय जातं? माझ्या बापाचं खत जात होतं, पण हे त्यांना सांगणं अवघड होतं.

मग कपाशीवर फवारणी आली. पाठीवरचे पंप. संध्याकाळी फवारून आलेले गडी पंप धुवायला नाल्यावरच जात, कारण घरी आई उभं राहू देत नसे. तिला वासानं मळमळायचं. घराबाहेर गेलं की झालं, ही आमच्याकडची स्वच्छतेची जुनी व्याख्या. एके सकाळी नाल्यात मासे पोट वर करून तरंगायला लागले आणि खालच्या गावानं टोपल्या घेऊन सण साजरा केला. मासे आपण होऊन हातात येतात म्हटल्यावर देवाचीच कृपा. ज्यांनी खाल्ले ते दुसऱ्या दिवशी ओकत होते, आणि त्यांच्यावरून लिंबं उतरवली गेली. लिंबंही त्याच नाल्यात टाकली.

आमच्या गावाला यातला काहीच त्रास नव्हता, हे सांगितलं पाहिजे. गाव नाल्याच्या वरच्या अंगाला, आमचं वावर गावाच्या खाली. गाव पाणी भरायचं ते वावराच्या वर. त्यामुळे आमच्या गावात प्रदूषण नावाची गोष्ट नव्हती. ज्याच्या खाली कोणीतरी राहतं तो माणूस स्वच्छच असतो.

एकच झिरा तेवढा आमच्या वावराच्या कडेला, नाल्याच्या वाळूत होता. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा, त्यात पाझरून निवळ पाणी येतं. आजोबांनी काढलेला. वर्षातून एकदाच त्याचं काम पडे, आखाजीला. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी पूर्वजांसाठी नवी मातीची घागर पाण्यानं भरून पुजायची आणि तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. आणि आमच्या घरचा नेम असा की घागर घरच्या लेकीनं भरायची, ती त्या झिऱ्यातूनच. म्हणून फुई दर आखाजीला माहेरी येई. झोका, पुरणपोळी, सांजोऱ्या हे सगळं होतंच, पण तिचा खरा मान त्या घागरीचा.

आखाजीला दुसरीही एक गोष्ट होते. मुलींची गौराई नाल्यावर नेतात, आणि आमच्या शिवेवर नाल्याचं वळण आहे तिथे वरच्या आणि खालच्या गावच्या बायका समोरासमोर काठावर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. याला बार म्हणतात. वर्षभर घुंगटाखाली साठलेलं सगळं त्या एका संध्याकाळी बाहेर पडतं, आणि पुरुषांनी ऐकू आलं नाही असं दाखवत जवळच कुठेतरी उभं राहायचं असतं. फुई ही आमच्या बाजूची तोफ. माहेरी आलेली लेक माहेराच्या बाजूनं भांडते. समोर तिच्याच जावा, तिचीच नणंद. त्यांची एकेक व्यंगं तिला स्वयंपाकघरातून माहीत. कोणाच्या भाकरीला पापुद्रा येत नाही, कोणाचा नवरा कोणाला घाबरतो, सगळं. तिच्यापुढे खालचं गाव कधी टिकलं नव्हतं.

त्या वर्षी फुईनं सुरुवात झकास केली. समोरच्या बायका मागे सरकायला लागल्या. तेवढ्यात तिची धाकटी जाऊ, बारीकशी, कधी तोंड न उघडणारी, पुढे आली आणि ओरडली:

"तुना माहेरनं पाणी आमनी म्हैसबी पेत नही!"

खालचा सगळा काठ हसला. फुईनं तोंड उघडलं. आम्ही वाट पाहिली. ती त्या जावेच्या बापापर्यंत जाईल, आजापर्यंत जाईल, असं वाटलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि वळली. कारण म्हैस खरंच पीत नव्हती. ती म्हैस फुईचीच होती.

बारात हरलेलं गाव पुढच्या आखाजीपर्यंत ऐकून घेतं. फुईला मात्र रोज ऐकावं लागलं, कारण तिचं घर जिंकलेल्या गावात होतं. नाल्यावर धुणं धुताना बायकांच्या पायांना खाज सुटायची. कोणी तरी म्हणायचं, माहेरची भेट आली वाटतं. पाण्याला फेस आला की, भावानं साबण धाडला का गं. पिण्याला त्यांच्याकडे सरकारी हापसा झाला होता, पण त्याचं पाणी जड, डाळ शिजता शिजत नसे. तेव्हाही तिलाच टोमणा: आधी तुझ्या माहेरच्या पाण्यात वरण कसं लोण्यासारखं व्हायचं! तिनं कंडक्टरबरोबर निरोप धाडला, की भाऊ, पंप नाल्यात धुऊ देऊ नको. नानांनी त्याच कंडक्टरबरोबर उलट निरोप पाठवला, की पाणी वाहतं असतं, वाहत्या पाण्याला विटाळ नसतो. कंडक्टरनं दोन्ही निरोप भर गाडीत मोठ्यानं सांगितले. तालुक्याची करमणूक झाली.

पुढच्या आखाजीला मुराळी म्हणून, म्हणजे लेकीला माहेरी आणायला, मला पाठवलं. फुईनं मला जेवू घातलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी येत नही."

"अगं फुई, घागर कोण भरणार?"

"तुना बाप भरी. त्यालेच सांग, आधी आठे ये, मना घाटवरनं तांब्याभर पाणी पी. मंग मी येस."

मी परत आलो. नाना ओट्यावर होते. सगळं ऐकून म्हणाले, "नको येऊ दे. घागर काय, मीबी भरी लेसू."

आई आत भाकरी थापत होती. ती थांबली. "भरा ना. आजवर तुमच्या घरात पुरुषानं भरलेली घागर पूर्वजांनी प्यायलीय का कधी, ते एकदा बघूच. पण एक सांगते. आखाजीला बहीण आली नाही, असं माझ्या दारात होऊ द्यायची नाही मी. लोक म्हणतील भावजयीनं तोडलं. पाणी तुम्ही नासवायचं आणि नाव माझं?"

"कोणी नासवलं? कोणी नासवलं पाणी?"

"म्हशीनं," आई म्हणाली, आणि पुन्हा थापायला लागली.

आखाजीच्या आदल्या दिवशी नानांनी बैलगाडी जुंपली आणि मला शेजारी बसवलं. मी का, तर "तू सायन्सवाला शेस, तठे बोलाले कामात येशी." म्हणजे बहिणीसमोर पाण्याची बाजू मांडायला वकील. नानांनी गाडी रस्त्यानं न नेता नाल्याच्या कोरड्या कडेनं घेतली, जवळ पडतं म्हणून. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःच्या पाण्याबरोबर खाली जात होते. आमच्या बागेजवळ पाणी होतं तसंच होतं. थोडं पुढे साय दाट झाली. वळणावर, जिथे बार होतो, तिथे एक डबकं हिरव्या रंगाच्या पलीकडे जाऊन काळं पडलं होतं आणि त्याच्या काठावर फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली रुतलेली होती. ते औषध त्या भागात फक्त नाना आणत. नानांनी ती पाहिली. बैलांना उगाचच हाकललं. बैलांनी आयुष्यभर जिथे तिथे तोंड घातलं होतं, पण त्या डबक्याकडे त्यांनीही मान वळवली नाही. "तहान नही त्यासले," नाना म्हणाले. वैशाखातली दुपार होत आली होती.

फुई ओट्यावर तांब्या भरून बसलीच होती. बातमी आमच्या आधी पोचली होती, कारण अर्धं गाव तिच्या अंगणात सहज म्हणून आलेलं होतं. ती धाकटी जाऊही दाराआड उभी. फुवा कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले, जणू हे घर दुसऱ्याच कोणाचं आहे.

"देख भाऊ," फुई म्हणाली, "हाई तुना गावनं पाणी शे. पी."

नानांनी तांब्या घेतला. आत पाहिलं. मग माझ्याकडे सरकवला. "तू पी. तू सायन्सना शेस."

मी पाणी पाहून काय करायचं ते शिकलो होतो, पिऊन नाही. पण काही सुचायच्या आत फुई कडाडली, "पोऱ्याले का मारस? तूच पी!"

अंगणातून कोणी तरी हसलं. नानांनी तांब्या नाकाजवळ नेला. मी त्यांच्या शेजारी होतो, वास मलाही आला. तो आमच्या घरचाच वास होता, फवारून आलेल्या गड्यांच्या सदऱ्यांचा, ज्यासाठी आई त्यांना अंगणातही उभं करत नसे. नानांनी तांब्या खाली ठेवला.

"गढूळ शे जरा," ते म्हणाले. "निवळू दे."

म्हणून आम्ही पाणी निवळायची वाट पाहत बसलो. सगळं अंगण बसलं. चहा झाला, तो हापशाच्या पाण्याचा, त्यात नानांनी खोड काढली नाही. कोणी तरी तुरटीचा खडा आणून दिला, नानांनी तो स्वतः फिरवला. माती हळूहळू खाली बसली. मला त्या क्षणी अभ्यासक्रमातला एक आख्खा धडा आठवला आणि सांगावासा वाटला, की माती बसते पण विरघळलेलं बसत नाही. पण परीक्षेत हाच प्रश्न मी चुकवला होता, तर इथे कोण विश्वास ठेवणार? नाना मधूनमधून वाकून तांब्यात बघत. माती बसली आणि वर राहिलं ते पाणी पोपटी दिसायला लागलं. आता त्यात नानांना आपला चेहराही दिसत होता.

मग मान वर न करता, अंगणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी बहिणीला विचारलं, "मंग पंप कोठे धुवू?"

"तुना डोकावर धू!" फुई म्हणाली. आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली असावी, कारण फुवांनी तंबाखू मळायची थांबवून तिच्याकडे पाहिलं. ती उठली, तांब्यातलं पाणी उकिरड्यावर ओतलं, आतून पिशवी घेऊन आली. पिशवी भरलेलीच होती. दाराआडची जाऊ पुढे झाली आणि तिनं फुईच्या हातात बाजारातून आणलेली नवी घागर दिली. बारात झालेलं बारातच राहतं, हाही नेम आहे.

घागर घेऊन फुई गाडीकडे नाही, हापशाकडे गेली. नाना ओरडले, "अवो, घागर झिरावर भरतस! घरना झिरा शे ना!"

फुई हापसत राहिली. भरल्यावर घागर कमरेवर घेतली, गाडीत चढली आणि मांडीवर घेऊन बसली. येताना नानांनी गाडी रस्त्यानं घेतली. सगळ्या वाटेवर खड्डा आला की घागरीतलं पाणी हिंदकळून नानांच्या पाठीवर पडे आणि नाना म्हणत, "सांभाळ." मला वाटतं काही खड्डे तिनं वापरून घेतले.

घरापाशी आल्यावर नानांना राहवलं नाही. "माहेरी येताना कोणती लेक पाणी घेऊन येस? माणसं काय म्हणतीन? आन् आपला आबा, आपला आजा, बठ्ठा तुना सासरना हापसानं पाणी पेतीन?"

"पेतीन."

"आजवर तर झिरानं पेत व्हतात. काही बोलनात का ते?"

फुईनं घागर त्यांच्या हातात दिली. "मरेल माणसेस्ले परत कसाले मारस रे भाऊ?"

नानांनी घागर जपून ओट्यावर ठेवली. आई दारात होती. ती हसू दाबायला आत गेली, तिचं डांगर चिरायचं राहिलं होतं.

नाला त्यानं सुधारला असं मी लिहिणार नाही. आमच्या नाल्याला इतक्या लवकर अक्कल येत नाही, आणि वरच्या वावरांचे मालक तर आणखी सावकाश शिकतात. गोण्या पुढेही येत राहिल्या. पण पंप धुवायला नानांनी नाल्यापासून लांब, माळावर खड्डा खणला, आणि पावसाळ्याआधी बागेच्या खालच्या बांधाला माती घातली. कोणी विचारलं तर सांगत, उंदरांनी बिळं केली होती.

त्या आखाजीच्या सकाळी फुईनं घागर पुजली, डांगर ठेवलं. नाना पूर्वजांना हात जोडताना एरवी झटपट उरकायचे, त्या दिवशी थोडे जास्त वेळ उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी डांगर उचलून बाजूला ठेवलं, घागर कलती करून पाणी ओंजळीत घेतलं, प्यायले, आणि तोंड वाकडं केलं.

"जड शे," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," फुई म्हणाली. "जडपन खाले बसत नही, पन मारत नही."